बियाण्यांचा इतिहास लिहायला गावात जायलाच हवं का?

प्रश्न : मी एमए इतिहास करतेय, प्रबंधाला अकोले तालुक्यातल्या देशी वाणांच्या जतनाचा विषय घेतलाय. गॅझेटियर, कृषी खात्याचे जुने अहवाल आणि जनुकपेढीच्या (बियाण्यांचे नमुने जपून ठेवणाऱ्या संस्थेच्या) नोंदी मिळाल्यात. मग फिल्डवर्क नाही केलं तर चालेल का? गावात लोक आठवेल तसं सांगतात, त्याला पुरावा कसं म्हणायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जायलाच हवं. जनुकपेढीच्या नोंदीत वाणाचं नाव, गाव, तारीख, गोळा करणारा एवढं मिळतं, पण ते बी तोवर कुणी राखलं आणि का राखलं हे बहुतेकदा नसतं, आणि तुझा विषय तर तोच आहे ना. तुझ्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे बघ, २०२० ची पद्मश्री, पण गावठी बियाणं जमवायला लागल्या ते नातवाच्या आजारपणावरून, हे कुठल्या रजिस्टरात सापडणार?

जगभरातून पिकांची बियाणी गोळा करणारा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह, त्याचंही तसंच. इराण, पामीर, अफगाणिस्तानात तो स्वतः फिरला आणि त्याला दिसलं की खाली गव्हात तण म्हणून उगवणारी राय (rye, गव्हासारखंच एक धान्य) जसजसं उंच जावं तशी वाढत जाते आणि शेवटी लोक तिलाच पीक म्हणून पेरतात. लेनिनग्राडला आपल्या संस्थेत बसून नुसती बियांची पाकिटं बघून हे कळलं असतं का?

आता विचारायचं कसं. "जुनं बियाणं आहे का?" म्हणालीस तर "आता सगळं हायब्रीड" एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा भात हळवा (लवकर येणारा) का गरवा (उशिरा येणारा), कुठल्या खाचरात लावता, पेजेला कुठला तांदूळ, बाळंतिणीला काय देता हे विचार, मग काळभात, रायभोग अशी नावं आपोआप निघतात. आणि ओटीवर पुरुष बोलत असले तरी बी बहुतेक घरांत बाईच्या हातात असतं, तिच्याशी चुलीपाशी बसून बोल. कापणीआधी उभ्या पिकातली भरलेली कणसं ती कशी निवडते, वाल राखेत घोळून मडक्यात कसे भरते, तोंड शेणमातीनं कसं लिंपते, हे डोळ्यांनी बघ आणि तिथल्या तिथं लिहून घे.

पुराव्याची तुझी शंका रास्त आहे. लोक साल सांगत नाहीत, म्हणून बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी का नंतर असं विचार, त्या साली बियाणं खाण्यात गेलं का, पुढच्या पेरणीला कुणाकडून आणलं, उसनं का सवाईनं (परत करताना सव्वापट द्यायच्या बोलीवर), हे दोन-तीन घरांत वेगवेगळं विचारून खात्याच्या बियाणे वाटपाच्या नोंदींशी ताडून बघ. जुळलं नाही तर दोन्ही लिही, एकाला खोटं ठरवायची घाई नको. एकाच नावाचे दोन वाण निघतात, म्हणून दाणा आणि लोंबीचा फोटो प्रत्येक घरात वेगळा काढ.

ग्रामपंचायतीत जैवविविधता नोंदवही (गावातली पिकं, झाडं, प्राणी यांची नोंद) असेल तर तीही बघ. बी मात्र न विचारता उचलू नकोस, २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं वाणावर शेतकऱ्याचाही हक्क मानलाय, आणि लिहिलेल्याची एक प्रत त्या घरात नेऊन दे. आधी कापणीच्या दिवसांत जा, मग पेरणीपूर्वी मडकी उघडतात तेव्हा पुन्हा.