गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची 10 वर्षांची वॉरंटी आहे, तरी गळलं तर खर्च कोणाचा?
आधी वॉरंटी कोणाची आहे ते बघा. केमिकल कंपनीची असेल तर बहुतेक वेळा फक्त माल बदलून मिळतो. जुना थर उकरणं, मजुरी, खालच्या खोलीचं प्लास्टर आणि रंग तुमच्याच खिशातून. कामाची हमी कंत्राटदाराकडून वेगळी, बिलावर लिहून घ्या. आमच्याकडे डिशच्या स्टँडसाठी चार भोकं पाडली होती, तेवढ्यावरून त्याने हात वर केले! शेवटचा हप्ता देण्याआधी गच्चीत दोन दिवस पाणी तुंबवून खालून छत तपासा. इमारत नवी असेल तर गोष्ट वेगळी: रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा, घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा) याच्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून 5 वर्षांत कळवलेला बांधकामातला दोष बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवा, फोनवर नको.