ज्या स्मार्ट घड्याळासाठी अ‍ॅप बनवायचं आहे, ते अजून बाजारात आलेलं नाही. अ‍ॅपचं डिझाइन कोणत्या स्क्रीनसाठी करू, आणि किमतीचा अंदाज कसा धरू?

सगळ्यात लहान स्क्रीनसाठी करा. मोठीवर ते निभावतं, उलटं निभावत नाही. अ‍ॅपलचं पहिलं घड्याळ सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झालं, विक्रीला आलं एप्रिल २०१५ मध्ये. त्याच्या दोन आकारांचे ३८ आणि ४२ मिमी हे आकडे केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या चौकटीच्या, उंचीचे होते. स्क्रीन होत्या २७२×३४० आणि ३१२×३९० पिक्सेल. म्हणून जाहिरातीतल्या मिलिमीटरवर विसंबू नका. स्क्रीनएवढा कागद मनगटावर चिकटवा आणि स्वारगेटच्या सिग्नलला (गाडी थांबलेली असताना!) एका नजरेत काय वाचता येतं ते बघा, निम्मी बटणं तिथेच गळतील. गोल डायल असेल तर मात्र कोपरे हिशेबात धरूच नका. किमतीचं म्हणाल तर, अ‍ॅपलच्या त्या पहिल्या घड्याळाचे ३४९ डॉलर हे अमेरिकेतले, विक्रीकर सोडून होते. नुसता रुपयांत गुणाकार करून इथला भाव निघत नाही.