बसस्टँडसमोरचा लॉज आणि सासूबाईंचा सवाल

प्रश्न : काकू, नमस्कार. लातूरला मावशीकडं गेले होते. परत येताना हिंगोलीची गाडी गंगाखेडच्या अलीकडं बंद पडली. कंडक्टरनं मागून आलेल्या गाडीत बसवून दिलं, पण परभणीला उतरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. पुढची गाडी पहाटेची. सोबत नऊ वर्षांची लेक, अंगात ताप. शेवटी स्टँडसमोरच्या एका लॉजवर सातशे रुपये देऊन खोली घेतली. काउंटरवरच्या माणसानं मूळ आधार कार्ड ठेवून घेतलं, ते सकाळी दिलं. पावती दिली नाही. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसानं लेकराला घेऊन लॉजवर जायचं असतंय का? स्टँडवर चार बायका बघून बसायचं." नवरा काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं. तुम्ही नोकरीत गावोगावच्या लॉजवर राहिलेल्या. माझं चुकलं का? आणि पुन्हा अशी वेळ आली तर काय बघावं?
— हिंगोलीची एक वाचक

उत्तर : काही चुकलं नाही. तापलेलं लेकरू रात्रभर स्टँडच्या बाकड्यावर घेऊन बसली असतीस, तर याच सासूबाईंनी "लेकराची काही काळजी हाय का नाही" म्हणून ऐकवलं असतं. त्यांचं सोड. नवरा गप्प का बसला, हे मात्र त्याला विचार. सातशे रुपयांसाठी गप्प असेल तर एक गोष्ट, लोक काय म्हणतील म्हणून असेल तर दुसरी. दोन्हीला उत्तर वेगळं द्यावं लागतं.

माझी नोकरी सहकार खात्यात, लेखापरीक्षणाची. सोसायट्यांच्या वह्या तपासायच्या. जिंतूर, सोनपेठ, कळमनुरी, जिथं काम संपायला सांज होई तिथं मुक्काम. काउंटरवरचा माणूस माझ्या पाठीमागं बघायचा आणि विचारायचा, "सोबत कोण आहे?" मी बॅग उचलून दाखवायची. दोन-चारदा तेच तेच दिसल्यावर तो विचारायचा थांबतो, उलट "मॅडम, तुमची नेहमीची रूम ठेवलीय" म्हणतो. स्टँडसमोरचे लॉज काही वाईट माणसांसाठी बांधलेले नसतात. तिथं औषध कंपन्यांचे एमआर उतरतात, बियाणं-खताचे एजंट उतरतात, दवाखान्यात पेशंट असलेल्या घरची माणसं उतरतात, परीक्षेला आलेली पोरं उतरतात. तू त्यातलीच एक.

आता बघायचं काय ते. पैसे काढायच्या आधी खोली बघायची. "आधी रूम दाखवा" म्हणायला लाजू नये. जो दाखवत नाही त्याच्याकडं थांबू नये. दार आतून लावून बघ. नुसती कडी सरकली म्हणजे झालं नाही. कडी लावून दार आपल्याकडं जोरात ओढ. चौकटीतले स्क्रू हलले, भुसा पडला, तर दुसरी खोली माग. खाली स्वागतकक्षाजवळची किंवा पहिल्या मजल्यावर जिन्यालगतची खोली मिळाली तर बरी, माणसांची ये-जा असते. मग गादी. चादर कितीही पांढरी असली तरी गादीचा कोपरा उचलून शिवणीवर मोबाइलची बॅटरी मार. शाई ठिबकल्यासारखे बारीक काळे डाग दिसले की समजायचं ढेकूण आहेत. बॅग पलंगावर ठेवू नको, नाहीतर ते तुझ्यासोबत हिंगोलीला येतील.

आणि बाथरूम. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या गोष्टीनं जीव जातो आणि कुणी सांगत नाही. एका तालुक्याच्या गावी, डिसेंबरातल्या थंडीत, मला मिळालेल्या खोलीच्या बाथरूममध्ये भिंतीला गॅस गिझर, त्याच्याच खाली सिलिंडर, आणि वर वीतभर झरोका. त्या झरोक्यात कुणीतरी गार वारा येऊ नये म्हणून वर्तमानपत्र कोंबून वर चिकटपट्टी मारलेली. मी पोऱ्याला बोलावून आधी तो कागद काढायला लावला. बंद जागेत गॅस जळताना हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, चक्कर येते, आणि कळायच्या आत माणूस पडतो. आतून कडी असते, म्हणून बाहेरच्यालाही कळत नाही. तेव्हा दार उघडं ठेवून गिझर लावायचा, बादली भरायची, गिझर बंद करायचा, मगच आंघोळ. बादलीत रॉड सोडून पाणी तापवायला दिलं असेल, तर बटण बंद करून, पिन काढून, मग पाण्यात हात. बऱ्याच ठिकाणी सकाळी ठरावीक वेळेत पोऱ्या गरम पाण्याची बादली आणून देतो. ती सगळ्यात बरी. पाणी बहुतेक बोअरचं, जड. साबणाला फेस येणार नाही, त्यात लॉजवाल्याचा दोष नाही. लेकराला ते प्यायला देऊ नको, बाटली विकत घे.

आधार कार्डाचं म्हणशील तर ओळखपत्र मागणं बरोबर आहे, रजिस्टरला नोंद त्यांना ठेवावीच लागते. पण मूळ कार्ड रात्रभर अडकवून ठेवायचं काही कारण नाही. बघा, नोंद करा, परत द्या. झेरॉक्स दिलीस तर तिच्यावर आडवी रेघ मारून लॉजचं नाव, तारीख आणि "फक्त मुक्कामासाठी" असं लिही. मतदान कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्सही चालतं. आधारच द्यायचं असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं, शेवटचे चारच दिसणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून काढता येतं. मोबाइलमध्ये ठेवून दे. आणि रजिस्टरमध्ये आपल्या हातानं लिहायचं, येण्याची वेळसुद्धा. कोरी जागा सोडून सही करायची नाही. ही माझी खात्यातली खोड आहे, पण उपयोगी.

वेळेचंही आधीच विचारून घे. काही लॉज चोवीस तासांचा हिशेब धरतात, काहींची सकाळची वेळ ठरलेली. रात्री बारा वाजता आलेल्याला आठला उठवून "आता अर्धा दिवस लागला" म्हणणारेही भेटतात. सगळ्यांना एकच नियम नाही, ज्याची त्याची पाटी.

स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमचं तू लिहिलं नाहीस, पण कुणीतरी सुचवेलच. तिला रेल्वेचं तिकीट लागतं, एसटीवाल्याला तिचा उपयोग नाही. नांदेडला अडकलीस तर मात्र सचखंड गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं आहेत, लंगर आहे. आणि कुठंही काही वावगं वाटलं तर ११२ लाव. सकाळी स्टँडजवळ मुरमुऱ्यांचा गरम सुशीला मिळाला का? ताप उतरला असेल तर लेकराला तो चालला असता.

प्रश्न : जालन्याचा व्यापारी आहे. रात्री गाडी चुकल्यानं एका लॉजवर थांबलो. नऊशेच्या खोलीवर जीएसटी म्हणून १२ टक्के घेतले आणि साध्या कागदावर लिहून दिलं. हे बरोबर का?
— एक वाचक, जालना

उत्तर : तारीख तुम्ही कळवली नाही, आणि सगळं तारखेवर आहे. हजारापर्यंतच्या खोलीला आधी जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के आहे. म्हणजे त्यानंतरचा मुक्काम असेल तर १०८ ऐवजी ४५ रुपये घ्यायला हवे होते. त्याहून मोठी गोष्ट त्या साध्या कागदाची. बिलावर जीएसटी नंबर नसेल, तर कर मागायचा हक्कच नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या लॉजला नोंदणीची सक्ती नाही, पण मग त्यानं गिऱ्हाइकाकडून करही घ्यायचा नाही. नंबर विचारा. बहुतेक वेळा नंबर विचारल्यावर कर आपोआप माफ होतो.

प्रश्न : आगाऊ ठरवलं नसताना तुळजापूरला मुक्कामाची सोय होते का?
— सेलूचे एक आजोबा

उत्तर : एरवी होते, भक्तनिवासात नाही तर लॉजवर. मंगळवार, शुक्रवार गर्दी. नवरात्रात विचारूच नका, आणि अश्विन पौर्णिमेला तर त्याहून नको. दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत देवी मंचकी निद्रा घेते, भाविकांना मात्र पाठ टेकायला जागा मिळत नाही. तेव्हा धाराशिवला किंवा ४५ किलोमीटरवर सोलापूरला उतरा आणि पहाटेच्या गाडीनं दर्शनाला जा. गुडघे दुखत असतील तर खोली तळमजल्याचीच मागा, लिफ्ट आहे म्हणून सांगतील त्यावर जाऊ नका. आधी ती चालू आहे का ते बघा.