एकेरी नौकानयनाचं व्यावसायिक जगज्जेतेपद इंग्लंडबाहेर पहिल्यांदा कोणी नेलं?

सिडनीच्या एडवर्ड ट्रिकेटने. 27 जून 1876 रोजी त्याने लंडनमध्ये थेम्स नदीवर पटनी ते मॉर्टलेक या मार्गावर तेव्हाचा जगज्जेता, इंग्लंडचा सॅडलर याला हरवलं. तेव्हा साखळी सामने वगैरे काही नसायचं. कुस्तीच्या फडासारखा प्रकार: विजेत्याला आव्हान द्यायचं, दोन्हीकडून पैजेची रक्कम लावायची आणि दोघांतच शर्यत. त्यामुळे किताब कुणाकडून कुणाकडे गेला, हे ओळीने सांगता येतं. 1880 मध्ये ट्रिकेटकडून तो कॅनडाच्या नेड हॅनलनने घेतला, 1884 मध्ये हॅनलनकडून ऑस्ट्रेलियाच्या बिल बीचने. इंग्लंडला तो परत मिळाला थेट 1912 मध्ये, अर्नेस्ट बॅरीमुळे. फक्त एक लक्षात घ्या, 1831 पासूनच्या सुरुवातीच्या लढती इंग्लंडच्या अजिंक्यपदासाठी होत्या. ‘जागतिक’ हे बिरुद साधारण 1863 पासून धरतात.