पेरू देशातलं माचू पिचू आणि ॲमेझॉनचं जंगल बघायचंय, पण तिथलं काही बिघडवायचं नाही. काय काळजी घ्यावी?

आधी दोन दिवस कुस्को शहरात नुसते राहा, म्हणजे विरळ हवेची सवय होते. ते ३,४०० मीटरवर आहे, माचू पिचू त्याहून जवळजवळ हजार मीटर खाली. दम लागतो तो कुस्कोत. इंका ट्रेलने, म्हणजे माचू पिचूला जाणाऱ्या जुन्या डोंगरवाटेने, चालत जायचं तर परवाना काही महिने आधी काढा. दिवसाला ५०० माणसंच सोडतात, त्यात हमाल आणि वाटाडेही आले. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते.

कळकळीने सांगायचंय ते हमालांबद्दल. नाक्यावर त्यांची ओझी काट्यावर चढवतात, कारण कायद्याने मर्यादा २० किलोची आहे. बुकिंगआधी कंपनीला विचारा: हमालांना कोरडा तंबू मिळतो का, पोटभर जेवण मिळतं का, मजुरी किती? टाळाटाळ केली तर दुसरी कंपनी बघा. फार स्वस्त सहल बहुधा हमालांच्याच पाठीवर स्वस्त झालेली असते.

जंगलासाठी तांबोपाता या राखीव जंगलात जा. पहाटे नदीकाठच्या कड्यावर मकाव पोपट माती खायला उतरतात. होडी लांबच थांबवा, बोलू नका. एकजण उभा राहिला तरी थवा माती न खाताच उडून जातो. आणि गळ्यात माकड किंवा अजगर घालून फोटो काढून देणाऱ्यांना पैसे देऊ नका. ते प्राणी बहुधा जंगलातूनच पकडून आणलेले असतात.