आकडे मुंगीएवढे आणि स्टाईल अकरा

प्रश्न: सर, मी नाशिकच्या सिडकोत राहते, अंबड एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्यांकडे दोन वर्षं ऑटोकॅडवर (कॉम्प्युटरवर ड्रॉईंग काढायचं सॉफ्टवेअर) ड्रॉईंग करते. शेडचा प्लॅन १:५० ला आणि त्याच शीटवर जॉइंटचं डिटेल १:१० ला. डायमेन्शन, म्हणजे माप दाखवणारा आकडा आणि रेघा, टाकलं की आकडा मुंगीएवढा, म्हणून टेक्स्ट हाईट १२५ करते, मग ॲरो बारीक राहतात, ते वाढवले की रेघा चिकटतात. असं करता करता एका फाईलमध्ये ११ डायमेन्शन स्टाईल (टेक्स्ट, ॲरो, रेघा कशा दिसाव्यात त्याची सेटिंग) झाल्यात, कुठली कशाची मलाच आठवत नाही. नीट पद्धत काय?

उत्तर: ताई, ११ म्हणजे काहीच नाही, मी 'कॉपी ऑफ कॉपी ऑफ' अशा नावांची रांगच्या रांग असलेल्या फायली उघडल्यात आणि त्यातल्या दोन-तीन माझ्याच होत्या. तुमचा हिशेब चुकलेला नाहीये, १:५० च्या कागदावर आकडा २.५ मिमी हवा तर २.५ गुणिले ५० म्हणजे १२५च होतात. फक्त तो गुणाकार तुम्ही प्रत्येक खणात हाताने करताय, आणि एक खण राहून गेला की सगळं बिघडतं.

स्टाईलमध्ये लिहायचं ते कागदावरचं माप. प्रिंट हातात घेऊन पट्टी लावली तर आकडा किती मिमी उंच हवाय, तेवढंच. टेक्स्ट २.५, ॲरो २.५, एक्स्टेन्शनची रेघ डायमेन्शनच्या रेघेपुढे १.२५, वस्तूपासून सोडायची जागा ०.६२५, हे ऑटोकॅडच्या तयार आयएसओ-२५ स्टाईलमध्ये आयतंच भरलेलं असतं. (शॉपमध्ये तेलकट हातांनी ए-३ धरतात, तिथे मी टेक्स्ट ३.५ ठेवतो, कोणी तक्रार केली नाही अजून.) नवीन फाईल मात्र मिमीच्या टेम्प्लेटवरून (नव्या फाईलचा तयार साचा), म्हणजे अकॅडआयएसओवरून उघडा, नुसत्या अकॅडवरून उघडली तर ती इंचातली असते आणि टेक्स्ट ०.१८ दिसतं, मग शोधत बसाल.

आता डी टाईप करून एंटर, आयएसओ-२५ निवडून न्यू करा, नाव द्या 'फॅब-५०', आणि फिटच्या टॅबमध्ये 'यूज ओव्हरऑल स्केल ऑफ' समोर ५० लिहा. झालं. टेक्स्ट, ॲरो, सुटलेली जागा, सगळं एकदम ५० पट होतं, मोजलेला आकडा तसाच राहतो. १:१०० चं ड्रॉईंग आलं तर ह्याच्यावरून 'फॅब-१००' आणि तिथे १००. पण एक लक्षात असू द्या, नवी स्टाईल ही त्या क्षणाची कॉपी असते, नंतर फॅब-५० मध्ये ॲरो बदललात तर फॅब-१०० ला त्याचा पत्ता नसतो.

तुमच्या डिटेलची गोष्ट जरा वेगळी आहे. तुम्ही मॉडेलमधूनच (जिथे ड्रॉईंग खऱ्या मापात काढतो तिथून) १:५० ला प्लॉट, म्हणजे प्रिंट, करत असाल तर १:१० दिसण्यासाठी डिटेल स्केल कमांडने ५ पट मोठं केलेलं असणार, आणि मग १२ मिमीची प्लेट ६० दाखवते. इथे बरेच जण डबल क्लिक करून ६० पुसून १२ टाईप करतात. असं कृपा करून करू नका, उद्या प्लेट १६ ची झाली तरी तो आकडा १२च राहील. त्याऐवजी 'फॅब-५०-डिटेल' अशी वेगळी स्टाईल करा, ओव्हरऑल स्केल ५०च ठेवा (कागद तोच आहे ना), आणि प्रायमरी युनिट्समध्ये मेझरमेंट स्केलचा फॅक्टर ०.२ द्या. आकडे खरे येतात.

वेगळी स्टाईलच का, तर मी एकदा आळस करून चालू स्टाईललाच ओव्हरराइड (तात्पुरता बदल) करून ०.२ दिलं होतं, डिटेल संपलं, जेवायला गेलो, आणि परत येऊन बेसप्लेट काढली तीनशे बाय तीनशेची, आकडे आले ६० बाय ६०. मी न बघता पाठवली. दुसऱ्या दिवशी सातपूरहून गॅस कटिंगवाल्याचा फोन, "भाऊ, एवढ्याशा प्लेटवर कॉलम उभा करायचाय का देवघर?" तेव्हापासून स्टाईलच्या नावाखाली 'स्टाईल ओव्हरराइड्स' अशी आत सरकलेली ओळ दिसली की मी आधी ती काढतो. मूळ स्टाईल पुन्हा सेट करंट केली की ओव्हरराइड जातात, आधीच टाकलेली डायमेन्शन मात्र अपडेट कमांडने निवडून सुधारावी लागतात.

लेआउट (प्रिंटचा कागद मांडायचं वेगळं पान) वापरत असाल तर डिटेल मोठं करायचंच नाही, दुसरा व्ह्यूपोर्ट (त्या पानावरून मॉडेल दाखवणारी खिडकी) १:१० ला लावा आणि त्यातल्या डायमेन्शनना ओव्हरऑल स्केल १० ची स्टाईल द्या. किंवा ॲनोटेटिव्हवर टिक करा, मग स्केलचा खण बंद होतो आणि व्ह्यूपोर्टच्या स्केलप्रमाणे साईज आपोआप धरली जाते. चांगली सोय आहे, पण ऑफिसातल्या सगळ्यांना कळत असेल तरच, नाहीतर एकाला डायमेन्शन दिसतात नि दुसऱ्याला गायब.

सगळं जमलं की रिकामी फाईल डीडब्ल्यूटी, म्हणजे टेम्प्लेट, म्हणून सेव्ह करा. जुन्या फाईलमध्ये ह्या स्टाईल हव्या असतील तर कंट्रोल आणि २ दाबा, डिझाईन सेंटर उघडतं, तिथून ओढून आणा. जुन्या ११ पर्ज कमांडला द्या, ज्या वापरात नसतील त्या जातील.

प्रश्न: माझ्या ड्रॉईंगमध्ये १२.५ च्या जागी १२,५ येतं. टर्नरने विचारलं, १२ घ्यायचं का ५?

उत्तर: टर्नरला दोष नाही देता येत. आयएसओ-२५ मध्ये दशांशचिन्ह स्वल्पविरामच असतं, युरोपात तसंच लिहितात. प्रायमरी युनिट्समध्ये डेसिमल सेपरेटर पीरियड करा. आणि हे टेम्प्लेटमध्येच करा, नाहीतर दर नव्या फाईलला हाच फोन येईल.

प्रश्न: डायमेन्शन स्टाईलमध्ये टेक्स्ट हाईटचा खण करडा झालाय, आकडा टाकताच येत नाही.

उत्तर: तुमच्या टेक्स्ट स्टाईलला कोणीतरी ठराविक उंची देऊन ठेवलीये, तीच डायमेन्शनला लागू होते. एसटी एंटर करा, ती स्टाईल निवडून हाईट ० करा, खण उघडेल.