वाऱ्यात घड्याळ बाजूला ठेवा: कारंज्याच्या भावाला उत्तर

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सकाळी कारंज्याहून दारव्हा रोडला सायकल काढता, जाताना भन्नाट वाटतं, परतताना समोरून वारा आणि गती ताशी 26 किलोमीटरवरून थेट 18. संध्याकाळी पळायला गेलं की किलोमीटरमागे पाऊण मिनिट जास्त लागतं. वरून प्रशिक्षक म्हणतात दम कमी आहे, आणखी जोर लाव. डोक्यात पोलीस भरतीही आहे आणि हिवाळ्यातली ड्युएथलॉनही (पळणं, सायकल, पुन्हा पळणं अशी शर्यत). याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, दारव्ह्याकडे मी वाढलो आणि यातलं जवळपास सगळं माझ्यासोबत होऊन गेलंय. म्हणून जरा लांब लिहितो.

वॉर्मअप, पाणी, हेल्मेट वगैरे सोडून देतो, ते तुम्हाला कळतंच. मी डॉक्टर नाही, प्रमाणपत्रवाला कोचही नाही. अनेक वर्षं याच रस्त्यांवर सायकल मारली, पळालो, नागपूरकडच्या काही बीआरएम (ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची सायकलिंग) केल्या, तेवढ्यावर सांगतो. पटेल ते घ्या.

तुमचा दम कमी झालेला नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. हवेचा रोध समोरून येणाऱ्या हवेच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा नसताना 25 ने चालवता तेव्हा अंगावर हवा 25 नेच येते. समोरून 15 चा वारा असेल तर तीच हवा 40 ने येते आणि रोध अडीच पटीच्या वर जातो. मग 25 टिकवायचे तर हवेशी झुंजायला लागणारी ताकदही तेवढ्याच पटीत. ती सगळ्यांच्या पायात नसते. गती पडणारच, आणि पडू द्यायची.

पळताना हा हिशोब सौम्य असतो, पण असतो. ग्रिफिथ प्यू नावाचे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ होते, 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेवर गेलेले. त्यांनी 1971 मध्ये मांडलं की मध्यम पल्ल्याच्या शर्यतीच्या वेगाने पळणाऱ्याची साधारण साडेसात टक्के ऊर्जा नुसती हवा कापण्यात जाते, तीही वारा नसताना. 1600 मीटरची शर्यत त्याच जातीची आहे. त्यात समोरून संध्याकाळचा वारा आला तर काय होत असेल, बघा.

आता मला ज्याचा सगळ्यात जास्त फटका बसला ते सांगतो. तुमच्या प्रशिक्षकांचं वाक्य वाचून तेच आठवलं.

मी भरतीची तयारी करत होतो तेव्हा तालुक्याच्या गावात एक प्रशिक्षण केंद्र होतं. नाव घेत नाही. दर शनिवारी संध्याकाळी पाचला चाचणी. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पुलापासून पश्चिमेकडे 1600 मीटर मोजून चुन्याची रेघ मारलेली, आणि एकाच दिशेने पळायचं. मे-जूनचे दिवस. आपल्याकडे त्या महिन्यांत दुपारनंतर पश्चिमेचा वारा कसा सुटतो ते तुम्हाला सांगायला नको. वेळ फळ्यावर लिहायचे आणि त्यावरून ‘अ’ आणि ‘ब’ गट पाडायचे. ‘ब’ गटाला रविवारची सुट्टी नाही, उलट जास्तीच्या स्प्रिंट. मी त्या सरांना विचारलं होतं, की सर, वारा समोरून आहे, एकदा जाऊन-येऊन मोजू, नाहीतर सकाळी घेऊ. त्यांचं उत्तर होतं, “भरतीच्या दिवशी वारा काय सुट्टीवर जाणार हाये काय?” पोट्टे हसले आणि विषय संपला.

वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, म्हणूनच ते घातक आहे. मैदानावरच्या गोल ट्रॅकवर पळताना वारा थोडा वेळ समोर, थोडा वेळ बाजूला, थोडा वेळ पाठीवर येतो. एकाच दिशेच्या रस्त्यावर तो सगळा वेळ छातीवर. दोन्हीच्या वेळा एका फळ्यावर मांडून कोण कच्चा, कोण पक्का ठरवता येत नाही. जगात हे सगळ्यांना मान्य आहे. 100 मीटरच्या शर्यतीत पाठीमागून सेकंदाला 2 मीटरपेक्षा जास्त वारा असला तर विक्रम धरत नाहीत. 2011 साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये केनियाचा जेफ्री मुताई 2 तास 3 मिनिटं 2 सेकंदांत धावला, तोवर इतक्या वेगात मॅरेथॉन कुणीच पळालं नव्हतं. तरी जागतिक विक्रम मिळाला नाही, कारण तो मार्ग एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा आणि उताराचा आहे. त्या दिवशी तर वाराही पाठीमागून होता. तिथे एवढा विचार करतात आणि आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराचं वर्ष एका स्टॉपवॉचवर ठरवतात.

पुढे काय झालं ते ऐका. जुलैत पुलाचं काम निघालं म्हणून चाचणी उलट्या टोकाकडून सुरू झाली. एका आठवड्यात सगळ्यांची वेळ खाली आली. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मेहनतीचे फळ’. मला तोवर नडगीला दुखणं लागलं होतं. ‘ब’ गटात असल्यामुळे सुट्टी नाही, समोरच्या वाऱ्यात घड्याळाचा आकडा गाठायचा म्हणून रोज पूर्ण जोर. यवतमाळच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडाला बारीक चीर आहे, पळणं बंद. त्या भरतीला मी मैदानात उतरलोच नाही आणि पुढची जाहिरात निघेपर्यंत वय निघून गेलं. केंद्राकडे फीची पावती मागितली, तीही दिली नाही. आज लिहितानाही राग येतो. माझ्या नोकरीसाठी नाही येत, नंतर पोट भरायला काम मिळालं. पण त्या केंद्रात आजही पोरं जातात आणि चुन्याची रेघ अजून पश्चिमेकडेच जाते.

म्हणून माझं ठाम मत: वाऱ्याच्या दिवशी गती आणि पेस (किलोमीटरमागे लागणारा वेळ) बघायचीच नाही. जोर आणि वेळ बघा. ‘आज 40 किलोमीटर’ याऐवजी ‘आज पावणेदोन तास, पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्या दमात’ असं ठरवा. इंटर्व्हल (थोडा वेळ जोर, मग थोडी विश्रांती) असतील तर ‘चार मिनिटं, दोन-तीन शब्दांवर बोलता येऊ नये एवढा जोर’. मग वारा समोर असो की मागे, शरीराला काम तेवढंच मिळतं. हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. काही जण म्हणतील की भरतीला शेवटी वेळच मोजतात. बरोबर आहे. वेळ मोजा, पण पहाटे वारा पडलेला असताना, गोल मैदानावर, आणि दर आठवड्याला नाही.

तुमच्या प्रशिक्षकांशी भांडू नका. एवढंच म्हणा, की सर, अर्धं अंतर जाऊन अर्धं परत येऊन मोजू. ऐकलं तर चांगलं. नाही ऐकलं तर स्वतःची वही ठेवा: तारीख, वाऱ्याची दिशा, वेळ, दम कसा लागला. त्या वहीवर विश्वास ठेवा.

जाऊन-येऊन मोजलं तरी वाऱ्याचा तोटा पूर्ण भरून निघत नाही, हेही ध्यानात असू द्या. समजा, वारा पाठीवर घेऊन 20 किलोमीटर 34 ने गेलात आणि 20 किलोमीटर 18 ने आलात, तर सरासरी 26 येत नाही. जायला साधारण 35 मिनिटं, यायला 67 मिनिटं, म्हणजे सरासरी साडेतेवीस. उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून राहतो. तेव्हा घरी येऊन मोबाईलवरची सरासरी पाहून मन खट्टू करू नका.

आता दिशेचं. कारंज्याहून दारव्हा आग्नेयेला आहे. पश्चिमेचा वारा असताना तिकडे निघालात तर जाताना पाठीवर आणि परतताना, पाय थकलेले, ऊन चढलेलं, तेव्हा तोंडावर. एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत हा मार्ग उलटा आहे. या दिवसांत मंगरूळपीर रोड धरा. तो नैर्ऋत्येला जातो, जाताना वारा समोर घ्याल आणि परत येताना तोच घरी आणून सोडेल. हिवाळ्यात सकाळचा वारा हलका आणि बरेचदा उत्तर-पूर्वेकडून असतो, तेव्हा दारव्हा रोड खुशाल घ्या. समृद्धीवर मात्र जाऊ नका. तिथे दुचाकीलाही बंदी आहे, सायकलचा प्रश्नच नाही.

वेळेचं गणित सोपं आहे. रात्री जमीन थंड होते आणि खालची हवा शांत बसते. सूर्य वर आला, जमीन तापली, की वरचा जोराचा वारा खाली मिसळायला लागतो. म्हणून पहाट शांत आणि दुपार वादळी. पाचला निघालात तर आठच्या आत आटपा. हवामानाच्या अंदाजातला वारा जमिनीपासून 10 मीटर उंचीचा असतो, रस्त्यावर आपल्या उंचीला तो कमी लागतो, म्हणून आकडा पाहून घाबरू नका. मी झाडं बघतो. पानं सारखी हलताहेत तर 12 ते 19. धूळ आणि कागद उडताहेत, बारीक फांद्या हलताहेत तर 20 ते 28. लहान झाडं डोलायला लागली की 30 च्या पुढे, त्या दिवशी मी सायकल काढतच नाही.

पळण्यासाठी पांदण शोधा. नोव्हेंबर-डिसेंबरात तूर माणसाच्या उंचीला येते, दोन्ही बाजूंनी तूर असलेली पांदण म्हणजे वाऱ्याला आडोसा. पऱ्हाटी उपटून वावरं मोकळी झाली की हा आडोसा जातो, मग गावातली शाळेची भिंत, धरणाची पाळ, जे मिळेल ते. दोघं-चौघं असाल तर एकामागे एक पळा. प्यूंच्याच प्रयोगात, पुढच्याच्या मागे मीटरभर अंतर ठेवून पळणाऱ्याचा हवेशी झगडण्याचा खर्च सुमारे 80 टक्के वाचला होता. पुढे कोण राहणार ते पाळीपाळीने, मिनिट-दोन मिनिटांनी बदला. सायकलवरही तेच, पण मागच्याने ब्रेकवर बोट ठेवावं आणि ओळखीच्याच माणसामागे राहावं. ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे चिकटायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

पाठीमागच्या वाऱ्याला सगळे सोपा समजतात. आपल्या उन्हाळ्यात धोका तिथेच जास्त आहे. 12 ने पळताय आणि मागून 12 चाच वारा आहे, तर अंगावर हवा लागतच नाही. घाम वाळत नाही, अंग तापत जातं. उलट, समोरच्या कोरड्या गरम वाऱ्यात घाम लगेच उडून जातो, कपडे कोरडे राहतात आणि आपल्याला वाटतं पाणी कमी गेलं. दोन्हीकडे फसगत. एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेसातनंतर मी कुणालाच जोराचा सराव करू देत नाही. चक्कर, मळमळ, अंगावर काटा आला की लगेच थांबा, सावली आणि पाणी, आणि दवाखाना.

मे-जूनला संध्याकाळी वावधन सुटतं ते वेगळं. आभाळ काळं झालं आणि अचानक गार झुळूक आली, की सराव तिथेच बंद. झाडाखाली नाही, पक्क्या घरात जायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर टाका, आसपास वीज पडत असेल तर सूचना येते. आपल्या भागात दरवर्षी वावरात माणसं विजेने जातात, सरावासाठी तो धोका घेऊ नका.

सायकलवर समोरचा वारा असेल तर गिअर हलका करा आणि पाय फिरते ठेवा, भारी गिअर ओढून गुडघे बिघडतात. कोपर वाकवून छाती खाली आणा, साध्या हँडलवरही त्याने फरक पडतो. बाजूच्या वाऱ्यात हँडल आवळून धरू नका, आवळलं की सायकल जास्त डुलते. कापसाची भरलेली गाडी बाजूने जाताना क्षणभर वारा अडतो आणि गाडी पुढे गेली की एकदम धक्का बसतो. तो धक्का येणार हे धरूनच डांबराच्या कडेपासून हातभर आत चालवा.

तुम्ही शेवटी सेकंडहँड उंच रिमच्या चाकांबद्दल विचारलं होतं. माझ्या मते घेऊ नका. बाजूचा वारा त्या रिमला पकडतो आणि आपल्या रस्त्यांवर तो सरळ येत नाही, समृद्धीचा भराव, पूल, कापलेली टेकडी, जिथे मोकळं मिळेल तिथून घुसतो. तेवढ्या पैशात चांगले टायर, मागचा लाल दिवा आणि डोळे झाकणारा पारदर्शक गॉगल घ्या. सोयाबीन काढणीच्या दिवसांत थ्रेशरचा भुसा वाऱ्यासोबत थेट डोळ्यात येतो, 30 च्या वेगात ते फार वाईट. नडगी किंवा गुडघा आत्ता दुखत असेल तर ते इथे लिहा, किती दिवसांपासून आणि नेमकं कुठे. त्याचं उत्तर वेगळं द्यावं लागेल.